चोरखिसा

हा खिसा चोराचा नव्हे. तो लपवलेला असतो, म्हणून त्याचे नाव चोरखिसा. आपल्या आज्याच्या बंडीला आतून तो असायचाच. बायका पैसे कनवटीला लावीत, नाहीतर पदराच्या गाठीत बांधीत. पण गाठ सुटते, कनवटी सैल होते. शिवलेला खिसा जागचा हलत नाही.

हल्ली पुष्कळ व्यवहार मोबाइलवर होतात. तरी बैल विकला की नोटा हातात येतात. आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे तर घरात असतील नसतील ते पैसे बरोबर घ्यावे लागतात. एस.टी.त चढताना रेटारेटी होते. पाकीटमाराला तेच हवे असते. तो पात्याने वरचा खिसा कापतो. आपल्याला कळते ते तिकिटासाठी हात घालतो तेव्हा! गेले ते वर्षाचे बियाणे, नाहीतर पोराचे औषध.

चोरखिसा घरीच शिवता येतो. मांजरपाटाचा तुकडा, सुई, दोरा आणि एक गुंडी एवढे पुरे. जुने धोतर घेऊ नका. ते विरलेले असते. नवा मांजरपाट आधी रात्रभर भिजवून वाळवा, कारण तो पाण्याने आटतो. आधी शिवला आणि मग आटला, तर खिसा आखडतो.

५०० रुपयांची नोट सुमारे ६ इंच लांब असते. घडी घातली की ३ इंच होते. त्या मानाने ६ इंच रुंद व १२ इंच लांब तुकडा कापा. तो मधोमध दुमडा. दुहेरी चौकोन होईल. दुमडलेली कड वर ठेवा. तेच खिशाचे तोंड. तिथून धागे सुटत नाहीत. बाकीच्या तीन कडा अर्धा अर्धा इंच आत मोडा. मग बंडीच्या आतून, डाव्या काखेखाली चार बोटे सोडून, तो तुकडा टाचा. उजवा हात तिथे सहज पोचतो.

तीन बाजूंनी बारीक उलटी टीप घाला. नुसता धावदोरा घालू नका. त्याचा एक टाका तुटला की सारी ओळ उसवते. वरच्या दोन कोपऱ्यांवर सगळा ताण येतो. तिथे तीनचार टाके जास्त घाला. तोंडाशी काजे करा, बंडीला गुंडी लावा. बंडीचे कापड विरळ असेल तर गुंडीमागे ठिगळ द्या.

बायकांनी असाच खिसा परकराला आतून, नेफ्याखाली शिवावा.

घामाने नोटा भिजतात. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. बंडी धुण्याआधी खिसा रिकामा करा, हे सांगायला नको. पण लोक विसरतात.

तिकिटापुरते सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा. गर्दीत चोरखिसा उघडू नका, चाचपूही नका. ‘पाकीटमारांपासून सावध राहा’ ही पाटी वाचली की माणसाचा हात आपोआप पैशांवर जातो. चोर तेच पाहत असतो. (वाचायला शिकल्याचा एवढा एक तोटाच म्हणायचा!)

आता तुम्हाला लिहिता येते. एका चिठ्ठीवर आपले नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहा. ती चिठ्ठी चोरखिशात ठेवा. वाटेत घेरी आली तर लोकांना घरी कळवता येईल. एटीएम कार्डाचा गुप्त आकडा मात्र तिच्यावर लिहू नका.

पाटीवर करा : भिजवून वाळवल्यावर मांजरपाट ३६ इंच लांब व ३६ इंच रुंद उरला. त्यातून वर सांगितलेल्या मापाचे किती तुकडे निघतील?