बाजार थंड असताना जुनी शिडाची बोट कशी विकायची? पडून राहिलेल्या महाग वस्तूचा हिशेब



आजच्या व्हिडिओचा विषय बघून काही जण म्हणतील, "सर, आम्ही पिठाची गिरणी, टेम्पो, झेरॉक्स मशीनवाले. शिडाच्या बोटीशी आमचा काय संबंध?"

संबंध आहे. जुनी शिडाची बोट ही विकायला सगळ्यात अवघड वस्तूंपैकी एक. गिऱ्हाईक मोजकं, वस्तू मोठी, गरजेची नाही, हौसेची. आणि विकली जाईपर्यंत दर महिन्याला पैसे खाते. ती विकण्याची पद्धत समजली, तर जुना ओव्हन, प्रिंटिंग मशीन किंवा बंद केलेल्या दुकानाचं फर्निचर विकताना तीच वापरता येते.

या लेखात व्हिडिओमधला हिशेब सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: बाजार थंड का पडतो?

हौसेची वस्तू माणूस कधीही पुढे ढकलू शकतो. २०२० आणि २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या काळात अमेरिकेत बोटींची मागणी एकदम वाढली. लोकांना मोकळ्या हवेत, आपल्याच माणसांत राहायचं होतं आणि कर्ज स्वस्त होतं. मग मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. कर्ज महागलं आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "पुढच्या वर्षी बघू."

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी. इथे शिडाच्या बोटींचा बाजार मुळातच लहान. मुंबईचं बंदर, मांडवा-अलिबाग, गोवा, कोची अशी मोजकी ठिकाणं. हौशी लोक एकमेकांना ओळखतात. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक हजारात नाही, पाच-पंचवीसात आहे. अशा बाजारात जाहिरातीवर जास्त पैसे ओतून गिऱ्हाईक वाढत नाही. जे आहे ते आलं, की त्याला परत जायला कारण मिळू नये, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिलं काम: थांबण्याचा खर्च काढा

दावणीला बांधलेल्या बैलाला काम असो-नसो, वैरण लागतेच. बोटीचंही तसंच. बहुतेक विक्रेते फक्त "मला किती मिळायला पाहिजेत" याचा विचार करतात. "थांबलो तर किती जातील" हे कुणी मांडत नाही.

आपण एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, २६ फुटी फायबरची शिडाची बोट आहे. मालकाला ९ लाख हवेत. नोव्हेंबरमध्ये एक गिऱ्हाईक ८ लाख रोख द्यायला तयार आहे.

दर महिन्याचा खर्च:

• बोट उभी करण्याचं भाडं: ८,०००
• राखणदार किंवा खलाशी: ६,०००
• साफसफाई, किरकोळ दुरुस्ती: ३,०००
• विम्याचा महिन्याचा वाटा: १,५००

एकूण १८,५००. वर्षाचे झाले २ लाख २२ हजार.

आता दोन गोष्टी ज्या लोक विसरतात. एक, पावसाळा. मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याआधी बोट क्रेनने वर काढावी लागते, झाकावी लागते, नंतर परत पाण्यात सोडावी लागते. त्याचे धरू ४०,०००. दोन, अडकलेल्या पैशाचं व्याज. ८ लाख आज हातात आले असते, तर ७ टक्क्यांनी वर्षाला ५६,००० मिळाले असते.

बेरीज: २,२२,००० + ४०,००० + ५६,००० = ३,१८,०००.

म्हणजे वर्षभर थांबून पुढच्या नोव्हेंबरला पूर्ण ९ लाख मिळाले, तरी खरे हातात पडले ५ लाख ८२ हजार. आणि तेही बोट वर्षाने जुनी झाल्यावरसुद्धा कुणी ९ लाख देईल, असं धरून!

दुसऱ्या बाजूने बघा. पावसाळ्याचा खर्च सोडला तरी महिन्याला साधारण २३,००० जातात. म्हणजे जास्तीच्या १ लाखासाठी तुम्ही फार तर चार महिने थांबू शकता. त्यानंतर मिळालेला प्रत्येक जास्तीचा रुपया आधीच खर्च झालेला असतो.

हा आकडा ज्याने काढला, तो घासाघीस करताना घाबरत नाही आणि हट्टही करत नाही. ज्याने काढला नाही, तो ८ लाखांना नकार देतो आणि दोन वर्षांनी ५ लाखांना "घेऊन जा एकदाची" म्हणतो.

दुसरं काम: भाव मागणीवरून नाही, झालेल्या सौद्यावरून ठरवा

तशीच बोट कुणी १० लाखांना लावली आहे, हे बघून आपला भाव ठरवू नका. ती दीड वर्ष तिथेच उभी असेल, तर तो आकडा भाव नाही, इच्छा आहे. क्लबमधले जुने लोक, खलाशी, बोटदुरुस्ती करणारे यांना विचारा: गेल्या दोन हंगामांत कोणत्या बोटी खरोखर विकल्या गेल्या, कितीला?

आणि "मी घेताना १२ लाख दिले, वर नवीन शिडं टाकली" हे गिऱ्हाईकाला सांगून उपयोग नाही. तुमचा खर्च ही तुमची गोष्ट आहे. तो आजच्या बोटीचे पैसे देणार.

जाहिरात करण्याआधी वहीत तीन आकडे लिहा: मागायचा भाव, समाधानाचा भाव आणि त्याखाली जायचं नाही असा भाव. तिसरा आकडा थांबण्याच्या खर्चावरून काढा, भावनेवरून नाही.

तिसरं काम: गिऱ्हाईकाची भीती आधी काढा

जुनी बोट घेणारा भावाला जितका घाबरतो, त्याहून जास्त लपलेल्या खर्चाला घाबरतो. जाणकार माणूस बोटीवर आला की काय बघतो?

१. डेक. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघतो. बद्द आवाज आला, की आत पाणी शिरलंय असा संशय.
२. डोलकाठीच्या तारा. स्टीलच्या असल्या तरी वय होतं. साधारण १० ते १५ वर्षांनी त्या बदलण्याचा आग्रह बरेच विमावाले धरतात.
३. शिडं. उन्हाने कापड मरतं. शिलाई कुठे उसवलीय ते बघतो.
४. कील. बोटीला उलटू न देणारं खालचं वजन. त्याचे बोल्ट, गंज, जोडाची भेग.
५. तळ. फायबरवर फोड आलेत का?
६. इंजिन. थंड असताना चालू होतं का, धूर कसा, तेल कधी बदललं.
७. वास. हो, वास! केबिनमध्ये डिझेल आणि बुरशीचा वास आला, की अर्धा सौदा तिथेच मोडतो.

यातली सगळी दुरुस्ती करायची नाही. नियम सोपा ठेवा: स्वस्तात होणारं आणि डोळ्यांना-नाकाला लगेच कळणारं काम करून टाका. तळाला साचलेलं पाणी काढा, केबिन धुवा, जुने कपडे-भांडी-दोर बाहेर काढा, बल्ब बदला, पितळी भाग घासा. मोठं काम, म्हणजे नवीन इंजिन किंवा नवीन शिडं, विक्रीसाठी करू नका. तो पैसा भावात पूर्ण परत येत नाही. त्यापेक्षा दुरुस्तीचं लेखी कोटेशन घेऊन ठेवा. "तारा बदलाव्या लागतील, हे घ्या कोटेशन, भाव त्या हिशेबाने लावलाय." हे एक वाक्य घासाघिशीचा अर्धा तास वाचवतं. दोष तुम्ही सांगितला तर तो माहिती असतो, गिऱ्हाईकाला सापडला तर फसवणूक वाटते.

चौथं काम: कागद एका फाईलमध्ये

नोंदणी, मालकीचा पुरावा, विमा, इंजिनचं बिल, दुरुस्तीच्या पावत्या, शिडं कधी घेतली त्याची तारीख. बोटीवर कर्ज होतं का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. नाव बदलायला कोणते कागद आणि किती दिवस लागतात, हे नोंदणी कार्यालयात आधी विचारून ठेवा. बोट धंद्याच्या नावावर असेल आणि घसारा घेतला असेल, तर सौद्याआधी सीएशी बोला, नंतर नाही.

पाचवं काम: योग्य माणसाला, योग्य महिन्यात

सप्टेंबरमध्ये विक्रीला काढा. घेणाऱ्याला पूर्ण हंगाम समोर दिसतो. तीच बोट एप्रिलमध्ये काढली, तर त्याला आधी पावसाळ्याचा खर्च दिसतो आणि तो तुमच्या भावातून कापतो.

गिऱ्हाईक म्हणजे फक्त श्रीमंत माणूस नाही. शिडाची बोट चालवायला शिकवणाऱ्या संस्था, निवृत्त नौदल अधिकारी, क्लबमध्ये दुसऱ्याच्या बोटीवर जाणारे तरुण, आणि तीन-चार मित्रांचा गट. एकट्याला ८ लाख जड, चौघांना २-२ लाख जमतात. महिन्याचा खर्चही वाटला जातो. मात्र "पर्यटक फिरवून पैसे कमवा" असं सांगून विकू नका. प्रवासी नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर तुम्ही खोटं विकताय.

फोटो भरपूर द्या, त्यात दोषांचेही. शीड चढवून वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीचा एक मिनिटाचा व्हिडिओ हजार शब्दांचं काम करतो.

सहावं काम: सौदा टप्प्याटप्प्याने

आधी उभी बोट दाखवा. भाव ठरला की लेखी टोकन घ्या आणि त्यात लिहा: तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली नाही तर टोकन परत. मगच समुद्रात न्या. नाहीतर रविवारची फुकट सफर करणारे खूप भेटतील. तपासनिसाचा खर्च सहसा घेणारा करतो. दोष निघाला तर चिडू नका, कोटेशन काढा आणि तेवढ्यावरच बोला.

भाव कमी करायचा असेल तर दर आठवड्याला पाच-दहा हजार कापू नका. त्याने गिऱ्हाईक अजून थांबतं. तारीख आधीच ठरवा: ४५ दिवसांत कुणी गंभीर माणूस आला नाही, तर एकदाच ठळक कपात.

आणि तरीही विकली नाही तर?

तीन रस्ते. निम्मा हिस्सा विका आणि खर्च अर्धा करा. किंवा जाणकार माणसाला हंगामापुरती लेखी कराराने द्या. किंवा मोडीत काढा: इंजिन, शिडं, नांगर, विंच वेगवेगळे विकले जातात, आणि कील शिशाचं असेल तर ते वजनावर जातं. फार जुन्या बोटीत कधी कधी सुट्या भागांचे पैसे अख्ख्या बोटीपेक्षा जास्त येतात.

एकच रस्ता बंद समजा: "राहू दे तिथेच, बघू." दुर्लक्षित बोट जागेवर बुडते, आणि मग ती काढण्याचा खर्चही मालकाच्याच गळ्यात पडतो. त्यापेक्षा शिकणाऱ्या मुलांच्या संस्थेला फुकट दिलेली बरी.

आजचं काम

तुमच्या दुकानात, गोडाऊनमध्ये किंवा अंगणात सहा महिन्यांपासून पडून असलेली एक महाग वस्तू निवडा. वहीत चार ओळी लिहा:

• जागा, देखभाल, विमा: महिन्याचा खर्च किती?
• आज विकली तर मिळणाऱ्या पैशाचं महिन्याचं व्याज किती?
• ती वस्तू कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त लागते?
• वरच्या दोन आकड्यांच्या बेरजेने १०,००० ला भागा. उत्तर म्हणजे जास्तीच्या दहा हजारांसाठी तुम्ही किती महिने थांबू शकता.

चौथ्या ओळीतलं उत्तर दोन-तीन महिने आलं आणि वस्तू सहा महिने पडून असेल, तर आज संध्याकाळीच ज्याने शेवटचा भाव विचारला होता, त्याला फोन लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.