सायकलवरून कामाला जाताना



उत्तर नागपूरच्या आपल्या वस्त्यांमधून पहाटे साडेपाचला निघा, रस्त्यावर सायकलीच सायकली दिसतील. कोणी हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेलं, कोणी पेपर टाकायला, कोणी सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यावर माळीकामाला, तर कोणी रात्रभराची चौकीदारी संपवून घरी परतणारं. वर्तमानपत्रात सायकलवर लेख येतो तो पोट कमी करायचा असतो. आपल्या घरची सायकल पोट भरायची आहे. म्हणून तिची काळजी वेगळी घ्यावी लागते आणि ती आरोग्याच्या पानावर सांगावी लागते.

गेल्या वर्षीची गोष्ट. वस्तीतले एक दादा रात्री दहाला चौकीदारीच्या ड्युटीवर निघाले होते. मागून गाडीने धडक दिली आणि ती पळाली. दादा स्वतः उठून बसले, बोलले, पानठेल्यावर पाणी प्याले. डोक्याला टेंगूळ होतं, रक्त नव्हतं. पोरांनी घरी आणलं. ताईंनी चहा दिला, बाम चोळला आणि "आराम करा" म्हणून झोपवलं. पहाटे हलवलं तर उठेनात. मला बोलावणं आलं तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. मेंदूवर रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण उजवा हात आजही नीट उचलत नाही. चौकीदारी गेली. त्या घराने आणखी एक चूक केली, ती शेवटी सांगते. आधी धडक बसू नये म्हणून काय करायचं ते पाहू.

दादांच्या सायकलला मागे काहीच नव्हतं. कंपनीचा लाल रिफ्लेक्टर केव्हाच फुटला होता आणि अंगात काळं जॅकेट होतं. आपल्याला गाडीचा उजेड दिसतो, म्हणून गाडीवाल्यालाही आपण दिसत असू असं वाटतं. तसं नसतं. गाडीच्या दिव्यात काळे कपडे घातलेला सायकलवाला अगदी जवळ आल्यावरच दिसतो, आणि तोवर ब्रेक दाबून उपयोग नसतो. नंबर प्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडे उरलेले तुकडे थोड्या पैशांत मिळतात. लाल पट्टी मागच्या मडगार्डला, पांढरी पुढे, आणि पिवळी दोन्ही पायडलच्या कडांना लावा. पायडलची पट्टी विसरू नका. ती वरखाली हलते, त्यामुळे समोर माणूस सायकल चालवतोय हे लांबूनच कळतं. मागे लुकलुकणारा छोटा लाल दिवा शे-दोनशे रुपयांत येतो. सफाई कामगार भावांना भगव्या रंगाचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट मिळतं. ते ड्युटी संपल्यावर पिशवीत टाकू नका, घरी पोचेपर्यंत अंगात ठेवा. आणि हो, अजून काही सायकलींच्या हँडलला लिंबू-मिरची लटकलेली दिसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती नकोच. त्या जागी रेडियमचा तुकडा चिकटवा, ट्रकवाल्याला तो तरी दिसेल.

हेल्मेटची सायकलवाल्याला कायद्याने सक्ती नाही. पण कॅज्युअल्टीत नोकरी करताना मी जे पाहिलं, त्यावरून सांगते की मोडलेला हात जोडला जातो, फुटलेलं डोकं पूर्वीसारखं होईलच असं नाही. मोटरसायकलचं हेल्मेट सायकलवर जड आणि गरम होतं. सायकलचं हलकं, भोकांचं हेल्मेट हजाराच्या आत मिळतं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा कानाखाली इंग्रजी व्हीसारखा, आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जाईल इतकाच सैल. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवलेलं हेल्मेट शोभेचं. एकदा जोरात आपटलं की ते बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो. बांधकामावरचं पिवळं टोप यासाठी चालत नाही. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी असतं, पडताना डोक्यावरून उडून जातं.

आता सायकलकडे वळू. गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच सायकलवाल्यांना मी आधी सीटची उंची विचारते. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते, मग दर फेऱ्याला गुडघा नको इतका वाकतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. पाना घेऊन दोन मिनिटांचं काम आहे. गोळ्या खाण्याआधी एवढं करून पाहा.

रोज निघताना ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर ब्रेकचे रबर झिजलेत. टायर अंगठ्याने दाबा, सहज दबला तर हवा भरा. तेल चेनला घाला, रिमला लागू देऊ नका. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत द्यायचा नियम आहे. सायकलवाल्यालाही तो लागू आहे, लाजू नका.

डबा किंवा भाजीची पिशवी हँडलला लटकवणं ही आपली जुनी खोड. पिशवी हेलकावा खाते, पुढच्या चाकात जाते, आणि माणूस हँडलवरून तोंडावर पडतो. पुढचे दात गेलेले असे कितीतरी पेशंट पाहिले. ओझं कॅरिअरवर, जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने दोन्हीकडून घट्ट बांधा. पँटचा उजवा पायचा कपडे वाळवायच्या चिमट्याने आवळा. पोरींनी ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ मारावी, साडी नेसणाऱ्या ताईंनी चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी लावून घ्यावी.

ही जाळी लहान मुलांसाठी तर हवीच. कॅरिअरवर बसलेल्या लेकराचा पाय झोपेत किंवा खेळता खेळता स्पोकच्या तारांत जातो. टाचेची कातडी सोलून निघते, कधी हाडही मोडतं. असं झालं तर पाय ओढू नका. चाक हळूच उलटं फिरवा, नाहीतर तारा कापा. जखम वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हळद नको, चहापत्ती नको. पहिल्या दिवशी ही जखम किरकोळ वाटते, तीन-चार दिवसांत कातडी काळी पडायला लागते. मुलाला मागे न्यायचंच असेल तर जाळी, पाय ठेवायला दोन्हीकडे टेकू, आणि पायात बंद बूट हवेत.

सायकल चालवल्याने पोरीच्या अंगाला काहीतरी होतं, पाळीत तर चालवूच नये, असं सांगणाऱ्या आज्या आजही भेटतात. आज्यांचा मान ठेवून सांगते, हे खरं नाही. आतला पडदा धावण्या-खेळण्यानेही ताणला जातो, काहींना तो जन्मतः नावापुरताच असतो, त्यावरून चारित्र्य मोजणं हाच मुळात अडाणीपणा. पाळीत त्रास नसेल तर खुशाल सायकल चालवावी. कॉलेजला जायला जिला सायकल मिळाली, ती ऑटोच्या भाड्यापायी घरी बसत नाही.

नागपूरच्या उन्हाचं मी वेगळं काय सांगू! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात दुपारी बारा ते चार सायकल शक्यतो काढू नये. पण पाळी मालक ठरवतो, ऊन पाहून ठरत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून निघायच्या अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी प्या, वाटेत तहान लागायची वाट पाहू नका. डोक्याला, कानाला, मानेला पांढरा सुती दुपट्टा ओला करून बांधा, हेल्मेट असेल तर खाली पातळ कापड. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार राहतं. घाम फार गेला तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर चव येते. मीठ यापेक्षा जास्त टाकू नका. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. घरकामाला जाणाऱ्या ताई वाटेत सोय नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि मग जळजळ, ताप घेऊन येतात. ज्या घरी काम करता तिथे संडास वापरू द्या असं सरळ सांगा. तो उपकार नाही.

खिशात कांदा ठेवल्याने लू लागत नाही, हा समज सोडा. कांदा भाकरीसोबत खा. सायकलवाला असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, झोक जायला लागला तर ते ऊन लागणं आहे, मग घाम येत असो वा नसो. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. आधी हलका दाबून पाणी पुसून घ्या, मग जोर द्या. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली उघडं चेंबर असू शकतं. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या गट्टूंपेक्षा उंच असते. त्या कडेला चाक घासत वर चढवायला गेलात की पडलात. सरळ आडवे व्हा, नाहीतर उतरून सायकल उचला. उभ्या कारपासून हातभर लांब चालवा, दार कधी उघडेल नेम नाही. आणि ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या कुशीत कधी शिरू नका. ती डावीकडे वळते तेव्हा ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. चौकात अशा गाडीच्या मागेच थांबा.

पाचव्या शीलाबद्दल या अंकात इतर पानांवर लिहिलेलं असतंच. मी नर्स म्हणून एवढंच जोडते. "सायकलच तर आहे, थोडी घेतली तर काय" म्हणणारे रात्री कॅज्युअल्टीत येत. दारूच्या वासामुळे बेशुद्धी नशेची की डोक्याच्या माराची, हे ओळखायला डॉक्टरांनाही वेळ लागतो. तो वेळ जिवावर बेततो.

आता दादांच्या घराकडे परत येते. डोक्याला मार लागला की माणूस आधी ठीक दिसू शकतो, तासांनी बिघडतो. बेशुद्धी क्षणभर जरी आली असेल तरी सरकारी दवाखान्यात दाखवाच. पुढचे दोन दिवस त्याला एकटं ठेवू नका, पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठवून नाव विचारा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नका. रस्त्यावर पडलेल्याला काखेत धरून उभं करू नका, मान सरळ ठेवा. उलटी होत असेल तर डोकं आणि धड एकदमच कुशीवर वळवा.

आणि ती दुसरी चूक. दवाखान्यात ताईंनी सांगितलं, "घरीच पडले." का, तर "पोलिसाचं लफडं नको आम्हाले." कागदावर तेच लिहिलं गेलं. एमएलसी झाली नाही, म्हणजे अपघाताची पोलिसांकडे जाणारी नोंद झाली नाही, आणि त्या घराला एक रुपया मिळाला नाही. धडक देणारी गाडी सापडली नाही तरी केंद्राच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोख पैसे न घेता उपचार करायची योजना आहे. कारखान्यात ईएसआयचं कार्ड असेल तर कामावर जाता-येता झालेला अपघातही कामावरची दुखापत धरली जाते. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत टाका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण या सगळ्याचं मूळ पहिल्या कागदात आहे. तिथे "सायकलवर असताना गाडीने मागून धडक दिली" असं खरं लिहून घ्या, एफआयआरची प्रत मागा, गाडीचा नंबर आणि पाहणाऱ्याचा फोन टिपून ठेवा, पंचनाम्याआधी सायकल दुरुस्तीला टाकू नका.

मदत करणाऱ्यांनीही घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमात जखमीला नेणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. आणि १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात पाना, तेलाची कुपी आणि रेडियमचा गुंडाळा घेऊन बसणार आहे. पंक्चर काढणारे काकाजीही येतो म्हणालेत. सायकल घेऊन या, आणि येताना हँडलची पिशवी कॅरिअरवर बांधून या.