एम.एस्सी. नर्सिंग करता करता ट्यूटरची नोकरी

भिवापूर, पवनी, नागभीड भागातल्या नर्सिंगच्या मुलींचे मला फोन येतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो. "ताई, एम.एस्सी.ला नंबर लागला. फी बरीच आहे. सोबत कुठं ट्यूटर म्हणून लागू का?" अलीकडे त्याला जोडून दुसराही येतो, "अमेरिकेत शिकता शिकता टीए-आरए मिळतं म्हणतात, ते खरं का?"

खरं आहे, पण ते तिकडे. आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि त्यात विद्यापीठानं पगार देऊन शिकवायला किंवा संशोधनाला ठेवण्याची रीतसर सोय बहुतेक ठिकाणी नाही. यूजीसी-नेटच्या विषयांत नर्सिंग नाही, म्हणून इतर विषयांच्या मुलांना असते तशी जेआरएफ शिष्यवृत्तीची वाटही त्या बाजूनं बंद. शिवाय बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव असल्याशिवाय एम.एस्सी.ला प्रवेश मिळत नाही. म्हणजे येणारी प्रत्येक मुलगी कमावती झालेली असते. घरी तिच्या पगारावर भावाची फी किंवा गाडीचा हप्ता सुरू झालेला असतो, आणि एकदम दोन वर्षं बिनपगारी. त्यातून नागपूर–नागभीडची छोटी गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि रोजचं जाणं-येणं एसटीच्या भरवशावर आलं. खोली घेऊन राहायचं तर आणखी खर्च. अशा वेळी कुणी म्हणालं, "मॅडम, तुम्ही फक्त नाव द्या, महिन्याला काहीतरी सुटेल," तर नाही म्हणणं सोपं नसतं.

हे "फक्त नाव" कुठून येतं ते आधी समजून घ्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. वर्षाला 60 मुली घेणाऱ्या बी.एस्सी. कॉलेजात चार वर्षांच्या मिळून 240 होतात, म्हणजे 24 शिक्षक दाखवावे लागतात. तेवढ्यांना पगार देऊन ठेवणं काही संस्थांना परवडत नाही, काहींना परवडत असूनही द्यायचा नसतो. मग इन्स्पेक्शनच्या आठवड्यात ॲप्रन इस्त्रीला जातात, नव्या ओळखपत्रांच्या दोऱ्या येतात आणि हजेरीपटावर मागच्या महिन्यांच्या सह्या एका बैठकीत होतात. सगळीकडे असं चालत नाही. मन लावून शिकवणारी, वेळेवर पगार देणारी कॉलेजं मी पाहिली आहेत. पण फोन येतो तो त्यांच्याकडून नाही.

नाव दिल्यानं बिघडतं काय? ज्या दिवशी तुमची हजेरी एम.एस्सी.च्या पोस्टिंगमध्ये लागली आहे, त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजात तुम्ही पूर्णवेळ शिकवत होता असा कागद तयार होतो. पुढे असिस्टंट प्रोफेसरच्या जागेला अर्ज कराल तेव्हा एम.एस्सी.सोबत तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव मागतात, आणि छाननी करणारा कारकून पहिल्यांदा तारखाच जुळवतो. दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत हे त्याला दोन मिनिटांत कळतं. अनुभव तर जातोच, वर एम.एस्सी.च्या हजेरीवर प्रश्न येतो. संस्थेला कुणी विचारलं तर ती सांगणार, "मॅडमनीच सह्या केल्या आहेत." सही तुमची, रजिस्ट्रेशन नंबर तुमचा. आधीच्या कॉलेजानं यादीतून नाव काढलं नसेल तर पुढच्या खऱ्या नोकरीतही अडतं, ते वेगळंच.

माझा अनुभव मात्र खऱ्या नोकरीतला आहे. बी.एस्सी. झाल्यावर मी एका खासगी कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून लागले. कॉलेजचं नाव इथे कामाचं नाही. काम आवडायचं. सकाळच्या ड्यूटीला फर्स्ट इयरच्या मुली घेऊन वॉर्डात जायचं, कुणाचा हात बीपीचा कफ बांधताना थरथरतो ते पाहायचं, दुपारी प्रोसिजर बुकांवर सह्या करायच्या. पण रुजू झाले त्या दिवशीच ऑफिसातल्या बाबूंनी दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं मूळ, "व्हेरिफिकेशनला लागते" म्हणून ठेवून घेतलं होतं. पावती मागितली तर हसले. "पळून थोडीच चाललो आम्ही?"

एम.एस्सी.च्या यादीत नाव आलं तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला. प्रवेशाला मूळ कागद दाखवावे लागतात आणि हजर होण्याची तारीख ठरलेली असते. राजीनामा दिला तर उत्तर आलं, तीन महिन्यांचा पगार भरा, मग कागद. रुजू होताना सह्या केलेल्या गठ्ठ्यात तशी ओळ होती म्हणे, त्या गठ्ठ्याची प्रत मला कुणी दिलेली नव्हती. लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात माझी फाईल दिसत होती, हिरवी, पाठीवर स्केचपेननं माझं नाव. बाबू चावी टेबलावर ठेवून बोलत होते.

भांडून काही झालं नाही. झालं ते एका साध्या अर्जानं. "माझी पुढील मूळ कागदपत्रं आपल्या ताब्यात आहेत, ती अमुक तारखेच्या प्रवेशासाठी हवी आहेत," असं लिहून, एकेका कागदाचा क्रमांक टाकून, तो अर्ज मी आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक मागून घेतला. तोवर सगळं तोंडी होतं. कागद ताब्यात आहेत याचा लेखी पुरावा तयार झाल्यावर प्राचार्य मॅडमनी बोलावलं आणि "तात्पुरते" म्हणून फाईल हातात दिली. पैशांचा वाद नंतर बराच काळ चालला, पण प्रवेश हातचा गेला नाही.

तेव्हा रुजू होताना मूळ कागद दाखवा, ठेवू नका. साक्षांकित प्रती द्या. अडवलंच तर कागदांची यादी करून शिक्क्यासह पोच घ्या. विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीनं 2018 मध्ये बजावलं आहे. नोकरीतल्या ट्यूटरला ते थेट लागू होत नाही, पण तुम्ही त्याच वेळी कुठे विद्यार्थी म्हणून दाखल होत असाल तर अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. नेमणूकपत्रात पद, तारीख, पगार आणि नोटिशीचा काळ नसेल तर ते नेमणूकपत्र नाही. पगार बँकेत येतो आणि त्यातला काही भाग रोख परत मागतात, अशा नोकऱ्याही आहेत. तिथे पहिल्याच महिन्यात बाहेर पडा. पासबुकातला आकडा मोठा दिसतो म्हणून थांबलेल्या मुलींना पुढे शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात त्याच आकड्यानं अडवलेलं मी पाहिलं आहे. आणि सोडताना रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला दोन्ही घ्या, एकावर भागवू नका.

शिकवायचा हात बसवायचा असेल तर एम.एस्सी.मध्येच त्याची जागा आहे, तिच्याकडे मुली दुर्लक्ष करतात. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन असतं, त्यात लेसन प्लॅन करून बी.एस्सी.च्या वर्गावर प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. बऱ्याच जणी सीनियरचे प्लॅन उतरवून मोकळ्या होतात. ते पाठ नीट घ्या, मॅडमना मागे बसवा, शेरा लेखी मागा. पैसे मिळत नाहीत हे खरं. पैशांसाठी सुटीतली किंवा रात्रीची स्टाफची ड्यूटी करायची असेल तर आधी आपल्या कॉलेजचे नियम वाचा आणि विभागप्रमुखांना विचारून करा.

आता संशोधनाकडे येते. इथे पैसे थोडे आणि शिकण्यासारखं पुष्कळ, पण धोकेही वेगळे.

एम.एस्सी.ला असताना मी एका अभ्यासासाठी माहिती गोळा करत होते. मिरची खुडणाऱ्या बायकांचा खोकला आणि दम, असा विषय. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग आणि ठसका सगळ्यांना माहीत आहे. सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागेवर, दिवसभर बसून देठ काढणाऱ्या बाईला तो ठसका कसा लागतो ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. नाकाला पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि मजुरी किलोवर. मी संमतिपत्र वाचायला घेतलं की बाईचे हात थांबायचे नाहीत. एक म्हणाली, "मॅडम, लवकर इचारा माय, माहे किलो राहून राह्यले." तिनं अंगठा दिला तेव्हा शाईत मिरचीची पूड मिसळून कागदावर लालसर डाग उठला. मी विचारलं, मनानं देता ना? ती म्हणाली, "मालकानं सांगतलं, मॅडमला सही द्या म्हणून."

त्या डागाच्या कागदाला संमती म्हणता येत नाही. ज्याच्या हातात मजुरी आहे त्यानं सांगितल्यावर दिलेला अंगठा ही मालकाची संमती झाली. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. अभ्यासाच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद नव्हती. मी ते गाईडना सांगितलं आणि मुलाखती बायकांच्या घरी, संध्याकाळी घ्यायचं ठरलं. संख्या निम्म्यावर आली. त्यावर वरून निरोप आला, उरलेले फॉर्म "अंदाजानं" भरून टाका, सगळ्यांची उत्तरं सारखीच तर येतात. मी भरले नाहीत, आणि पुढच्या महिन्यापासून त्या कामावर नव्हते.

म्हणून रिसर्च असिस्टंटचं काम धरताना मानधन विचारण्याआधी एथिक्स कमिटीच्या मंजुरीची प्रत मागा. प्रोटोकॉलमध्ये माहिती कुणी गोळा करायची ते लिहिलेलं असतं, तिथे तुमचं नाव किंवा निदान पद आहे का पाहा. औषधाची चाचणी असेल तर गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण तुम्हाला दिलं पाहिजे, आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत त्या चाचणीची नोंद आहे का हे मोबाईलवरही पाहता येतं. प्रवासखर्च वेगळा की मानधनातच? शोधनिबंधात नाव येणार का? हे दुसरं विचारताना मुली लाजतात. फक्त फॉर्म भरणाऱ्याला लेखकाचा मान मिळत नाही, आभारात नाव येतं, आणि ते रास्तही आहे. पण प्रश्नावली तुम्ही बांधली, विश्लेषण तुम्ही केलं, मसुदा तुम्ही लिहिला तर लेखक म्हणून नाव आलं पाहिजे, आणि ते काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे.

चांगलं काम कसं दिसतं हेही जवळच पाहायला मिळतं. नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन एका आंतरराष्ट्रीय गटातून माता-बाल आरोग्यावर अभ्यास करते. पहिलटकरणींना कमी मात्रेचं ॲस्पिरिन दिलं तर वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात का, याची सहा देशांतली चाचणी 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. भारतातली केंद्रं बेळगावी आणि नागपूर. जवळपास 12,000 बायका, आणि वेळेआधीच्या बाळंतपणाचं प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आलं. एवढासा फरक पक्का ठरायला प्रत्येक तारीख, प्रत्येक वजन जागच्या जागी आणि खरं नोंदलेलं लागतं. अंदाजानं भरलेल्या फॉर्मांत असा दीड टक्का कधीच सापडला नसता.

आयसीएमआरच्या प्रकल्पांत प्रोजेक्ट नर्स, प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट अशा जागा निघतात, थेट मुलाखतीवर भरतात. पगार बरा असतो, पण नेमणूक प्रकल्प असेपर्यंतच. आणि ते दिवस शिकवण्याच्या अनुभवात धरतील या भ्रमात राहू नका. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.कडे जायचं असेल तर हे काम उपयोगी, लवकर असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर कॉलेजात लागा.

राहिली अमेरिका. तिथे टीए-आरए, म्हणजे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, यात विद्यापीठ फी पूर्ण किंवा अंशतः माफ करतं, वर दरमहा रक्कम देतं आणि बदल्यात काम घेतं. नर्सिंगमध्ये ही सोय मुख्यतः पीएच.डी.वाल्यांना. मास्टर्सला जाणाऱ्या बहुतेकांना स्वतःच पैसे भरावे लागतात, एजंट काहीही सांगो. एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. रुग्णाजवळ उभं राहून विद्यार्थ्यांना शिकवायचं तर त्या राज्याचं आरएन लायसन्स लागतं, म्हणजे आधी एनक्लेक्स परीक्षा. असिस्टंटशिपचं पत्र आलं की त्यात पाहा: रक्कम नऊ महिन्यांची की बाराची, फी माफ झाली तरी इतर शुल्क कोण भरणार, आरोग्य विमा कुणाच्या माथी, दुसऱ्या वर्षी पुढे चालू राहील की दरवर्षी नव्यानं ठरेल. बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावाप्रमाणे अशा आर्थिक मदतीच्या पत्राला उत्तर द्यायला 15 एप्रिलपर्यंत वेळ असतो, तेव्हा "आजच कळवा" असं कुणी म्हटलं तर ते विद्यापीठ त्या ठरावात आहे का ते विचारा.

उमरेडकडच्या एका मुलीनं हे सगळे प्रश्न विभागाला एका ईमेलात विचारले. इतके प्रश्न विचारले तर जागा जाईल, असं घरचे म्हणत होते. चार दिवसांनी उत्तर आलं, ओळीला ओळ. उन्हाळ्याचे तीन महिने रक्कम नव्हती आणि विम्याचा काही भाग तिनं भरायचा होता. त्या तीन महिन्यांचं भाडं तिनं आधीच बाजूला काढलं आणि मगच तिकीट काढलं.