बालकांसाठी घरगुती रंग : स्वस्त आणि निर्धोक

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमचा विचार मांडला आणि हातांच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान मिळाले. पुढे १९४४ पासून शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद यांनी सेवाग्राम येथे कलाशिक्षक म्हणून काम केले. परिसरातील साधनांतून शिकण्याची ही दृष्टी याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या शाळा व अंगणवाड्यांना आजही उपयोगी आहे. चित्रकलेचे साहित्य विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशा बालकांसाठी तर ती विशेष मोलाची आहे.

घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

लहान मुलांची बोटे वारंवार तोंडात जातात. म्हणून वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यानेच ती सुरक्षित ठरत नाही. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. सुट्या हळदीला उठाव यावा म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळल्याचेही आढळून आले आहे. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असून, त्याची सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा ज्ञात नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तथापि दारे-खिडक्यांना दिलेला वा डब्यात उरलेला जुना रंग मुलांच्या हाती देऊ नये. धोतरा, कण्हेर, रुई व गुंज या वनस्पती विषारी असल्याने त्यांची पाने, फुले वा बिया रंगकामात वापरू नयेत.

रंगांची कृती

एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा व मंद आचेवर ढवळत शिजवावा. ही खळ थंड झाल्यावर वाट्यांत वाटून घ्यावी. घरी कुटलेल्या हळदीने पिवळा रंग मिळतो. त्यातच चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास तो तांबूस होतो, कारण क्षाराच्या संपर्काने हळदीचा रंग पालटतो. माघ-फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाची फुले उकळून गाळलेल्या पाण्याने केशरी, पालकाच्या रसाने हिरवा आणि बिटाच्या रसाने गुलाबी छटा येते. काडीला कापूस गुंडाळला की कुंचला तयार होतो.

मूर्तिकामासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ व लागेल तसे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. यात मीठ पुष्कळ असल्याने तो मुलांनी खाऊ नये, याकडे लक्ष ठेवावे.

शिजविण्याचे व उकळण्याचे काम मोठ्यांनीच करावे. खळ एका दिवसापुरतीच करावी. आंबट वास आल्यास वा बुरशी दिसल्यास टाकून द्यावी. काम संपल्यावर मुलांना साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

शिक्षकांनी पालकसभेत ही कृती करून दाखवावी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेसाठी सुटे, नाव-घटक नसलेले रंग खरेदी होणार नाहीत याची दक्षता घ्यावी. घरच्या मैद्याहळदीतून अल्प खर्चात साहित्य उभे राहते. त्याला जाणत्यांच्या लक्षाची जोड मिळाली, तर पैशाअभावी एकाही बालकाला चित्र काढण्याच्या आनंदास मुकावे लागणार नाही.