बांध, मोरी आणि सांडवा : येलहंक्याच्या तलावावरून धरणसुरक्षेचा अभ्यास

धरणसुरक्षा हा विषय अभ्यासताना कोयना, भाक्रा, तुंगभद्रा अशी मोठी नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. मात्र दख्खनच्या पठारावर पाणी अडविण्याचे काम शतकानुशतके केले ते मातीच्या लहान बांधांनी. नदी अडविणारे मोठे धरण आणि ओढ्याच्या खोऱ्यात घातलेला तलावाचा बांध यांचे शास्त्र एकच आहे. फरक आहे तो त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या यंत्रणेत. बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका हे उपनगर या फरकाचा अभ्यास करण्यास अतिशय योग्य ठिकाण होय.

तलावांची साखळी

बंगळुरू कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या जलविभाजकावर ते उभे आहे. या कण्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनीत जाते. या दोन्ही नद्यांचा उगम नंदी डोंगराच्या परिसरातच आहे. बारमाही प्रवाह नसल्याने येथील राज्यकर्त्यांनी व गावकऱ्यांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधले. १५३७ मध्ये बंगळुरूची स्थापना करणारे केंपेगौडा हे येलहंका घराण्याचेच. पुढे १६३८ नंतर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, ही बाब मराठी वाचकाला आठवत असेलच.

येलहंका तलावाचा विस्तार सुमारे ३०० एकर आहे. तो भरला की जादा पाणी जक्कूर तलावात, तेथून राचेनहळ्ळी तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरते. तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. कोणताही एक तलाव या रचनेत स्वतंत्र नसतो. वरचा बांध फुटला तर त्याचा लोंढा खालच्या बांधावर येतो आणि खालच्या तलावाचा सांडवा त्या लोंढ्यासाठी आखलेला नसतो.

तीन घटक

तलावाचे तीन मुख्य घटक लक्षात ठेवावेत. पहिला मातीचा भराव, म्हणजेच बांध. त्याच्या पाण्याकडील उतारावर लाटांचा मार सोसण्यासाठी दगडी पिचिंग असते. दुसरा घटक मोरी, कन्नडमध्ये तूबु. बांधाच्या पोटातून जाणाऱ्या या वाटेने शेतीला पाणी सोडले जाते. तिसरा सांडवा, कन्नडमध्ये कोडी. तलाव पूर्ण भरल्यावर जादा पाणी येथून आपोआप बाहेर पडते. नौका चालणाऱ्या नद्यांवर याखेरीज जलपाशही लागतो. पश्चिम बंगालमधील फरक्का येथे तो आहे. नौकांना एका पाणीपातळीवरून दुसरीवर नेणे हे त्याचे काम. दख्खनच्या तलावांना त्याची गरज नव्हती.

या तिघांत सर्वांत उपेक्षित राहतो तो सांडवा. वर्षातील बहुतेक दिवस तो कोरडा असतो. त्यामुळे त्याच्यासमोरची जागा मोकळी व निरुपयोगी वाटते आणि तेथे राडारोडा, रस्ता किंवा घरे येतात. वस्तुतः मातीच्या धरणाचे आयुष्य सांडव्यावरच अवलंबून असते. दगडी धरणाच्या माथ्यावरून काही काळ पाणी वाहिले तरी ते टिकू शकते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की उताराची माती धुपते, खाच पडते आणि काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, बांध फुटतो. म्हणूनच पूर्ण संचय पातळी आणि बांधाचा माथा यांमध्ये मोकळी उंची राखलेली असते. अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचल्या, तर ही उंचीच गिळंकृत होते.

दुसरा धोका पाझराचा आहे. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ आणि स्थिर प्रमाणात असेल तर काळजीचे कारण नसते. ते गढूळ होऊ लागले म्हणजे आतील माती वाहून जात आहे आणि बांधाच्या पोटात पोकळी तयार होत आहे, असे समजावे. बांधावरील मोठ्या झाडांची मुळे कुजल्यावर उरणाऱ्या नळ्या, उंदीर-घुशींची बिळे आणि मोरीच्या भिंतीला लागून असलेली सैल माती ही पोकळीची नेहमीची ठिकाणे होत. बांधावर सावलीसाठी वृक्षारोपण करण्याचा उत्साह अभियंत्यांना मानवत नाही, त्याचे कारण हे आहे.

महाराष्ट्राने या दोन्ही गोष्टींची किंमत मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. बांधकाम अपूर्ण असताना पाणी साठले होते, मोरीवरील भराव खचला आणि धरण गेले. त्यापाठोपाठ खडकवासला धरणही फुटून पुण्यात पूर आला. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती.

उद्देश बदलला की देखभालही बदलते

येलहंका परिसरातील तलाव सिंचनासाठी होते. पाणी सोडण्याचे आणि बांधावर नजर ठेवण्याचे काम नीरगंटी करीत असे. आपल्याकडील पाटकऱ्याशी त्याचे साम्य आहे. पावसाळ्यानंतर मोरी उघडली जाई, पिके निघेपर्यंत पाणी उतरे आणि उन्हाळ्यात तळाचा गाळ शेतात जाई. जूनमध्ये पाऊस येई तेव्हा तलावात जागा असे. सिंचनाच्या या चक्रातच पूरनियंत्रण आपसूक साधले जात होते.

शहराने हे चक्र मोडले. अर्कावतीवरील हेसरघट्टा जलाशय १८९४ मध्ये आणि तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय १९३३ मध्ये शहराच्या उपयोगी आला; १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. पिण्यासाठी जवळच्या तलावांची गरज उरली नाही आणि लाभक्षेत्रातील शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या. त्याचबरोबर तलावात येणारे पाणी बारमाही झाले. जक्कूर तलावाच्या वरच्या बाजूस उभारलेल्या शुद्धीकरण केंद्राची मूळ क्षमता दररोज १ कोटी लिटर होती. १ कोटी लिटर म्हणजे १०,००० घनमीटर. शंभर दिवसांत ते १० लाख घनमीटर होते. या पाण्यामुळे तलाव जिवंत राहतो, भूजल वाढते, पक्षी येतात. येलहंक्याजवळील पुट्टेनहळ्ळी तलावाला तर २०१५ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु भर उन्हाळ्यातही काठोकाठ राहणारा तलाव पहिल्याच मोठ्या पावसाला सांडव्याकडे ढकलतो. पाणथळ जागा आणि पूर सामावणारी टाकी या दोन भूमिका एकाच तलावाकडून हव्या असतील, तर पावसाळ्यापूर्वी मोरीतून पातळी किती उतरवायची हे दरवर्षी ठरवावे लागेल. त्यासाठी मोरीचा दरवाजा चालता हवा. वर्षानुवर्षे न उघडलेला दरवाजा गंजतो, गाळात रुततो आणि गरजेच्या दिवशी हलत नाही.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख घनमीटर पाणी जमते. शेतजमिनीत त्यातील बराच भाग मुरतो; काँक्रीट व डांबराच्या पृष्ठभागावरून बहुतांश पाणी लगेच वाहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये परिसरातील तलाव ओसंडून येलहंक्याच्या केंद्रीय विहार वसाहतीत पाणी शिरले. दोन्ही वेळा रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटी आणाव्या लागल्या. या दोन्ही प्रसंगांत बांध फुटला नव्हता. पाणी सांडव्यापर्यंत सुखरूप आले. पुढे त्याला पुरेशी वाट मिळाली नाही. राजकालुव्याची रुंदी हा म्हणूनच धरणसुरक्षेचा भाग मानला पाहिजे.

कायदा आणि दहा मीटरांची रेषा

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. राष्ट्रीय स्तरावर धरण सुरक्षा समिती व प्राधिकरण, तर राज्य स्तरावर समिती व धरण सुरक्षा संघटना अशी त्याची रचना आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि कसूर झाल्यास शिक्षा या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत. मोठ्या धरणांनाही नियमित तपासणी किती आवश्यक आहे, हे १० ऑगस्ट २०२४ रोजी तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला तेव्हा दिसून आले.

हा कायदा १५ मीटरांहून अधिक उंचीच्या धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लागू होण्यासाठी आणखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. जसे माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठवण किमान १० लाख घनमीटर. परीक्षेत या आकड्यांवर प्रश्न येतो. त्यामागील अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो. येलहंक्याच्या आकाराचा, म्हणजे ३०० एकरांचा तलाव घ्या. त्याचे क्षेत्र सुमारे १२ लाख चौरस मीटर. त्यात सरासरी केवळ एक मीटर पाणी असले तरी साठा १२ लाख घनमीटर भरतो, म्हणजे कायद्यातील साठवणीच्या अटीपेक्षा अधिक. तरीही बांधाची उंची १० मीटरांपेक्षा कमी असल्यास तो या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. उंचीची ही कसोटी पाण्याच्या वेगासाठी योग्य आहे, पण बांधाखाली किती माणसे राहतात हे ती पाहत नाही. १०० वर्षांपूर्वी जेथे भाताची खाचरे होती तेथे आज तळमजल्यावरील वाहनतळ आहे. बांध तोच आहे आणि धोका मात्र कितीतरी पटींनी वाढला आहे.

अशा बांधांची जबाबदारी राज्याचे कायदे व स्थानिक संस्था यांच्याकडे राहते. येलहंक्याची नगरपालिका २००७ मध्ये बृहत बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली आणि २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेची जागा ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाच्या नव्या रचनेने घेतली. संस्था बदलताना सांडव्याची मूळ पातळी, मोरीचा नकाशा, गळतीच्या जुन्या नोंदी हे कागद नव्या कार्यालयात पोहोचतातच असे नाही. कायद्याच्या कक्षेतील धरणे देशात सहा हजारांहून अधिक आहेत. केंद्र सरकारच्या पहिल्या जलसाठा गणनेत (अहवाल २०२३) मात्र २४ लाखांहून अधिक जलसाठे नोंदले गेले आणि त्यांपैकी १५.७ टक्के, म्हणजे पावणेचार लाखांहून अधिक, तलाव या वर्गात मोडतात.