भिडूची बोली आणि मधला नोट्रम्प

ब्रिजमध्ये बोलीचे असंख्य प्रसंग येतात. त्यांपैकी एकाविषयीच येथे लिहिते, कारण त्या प्रसंगात आमचा आंतरमहाविद्यालयीन सामना हातचा गेला आणि तो घालविणारी मीच होते.

प्रसंग असा. माझ्या भिडूने 'एक बदाम' अशी बोली केली. माझ्या उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याने लगेच 'एक नोट्रम्प' म्हटले. पाळी माझी.

ज्यांनी गावाकडे फक्त मेंढीकोट खेळला आहे (मी त्यांतलीच), त्यांच्यासाठी थोडा खुलासा. नोट्रम्प म्हणजे बिनहुकमी डाव. 'एक नोट्रम्प' म्हणजे तेरापैकी सात हात करून दाखविण्याची बोली. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 आणि गुलामाचा 1 असे गुण धरतात. चारही रंगांचे मिळून 40 होतात. भिडूने बोली सुरू केली म्हणजे तिच्याजवळ साधारण 12 गुण तरी असणार. मध्येच नोट्रम्प म्हणणाऱ्याजवळ 15 ते 18 गुण असतात आणि भिडूचा रंग अडविणारे पानही असते.

माझी पाने अशी होती. इस्पिकची राणी, गुलाम, दश्शी, छक्की. बदामाची नव्वी, चौकी. चौकटचा राजा, अठ्ठी, तिर्री. किल्वरचा राजा, सत्ती, पंजी, दुर्री. एकूण 9 गुण. मी विचार केला, एवढ्याशा नऊ गुणांत काय बोलायचे? समोरचा मुलगा इतक्या ठसक्यात 'नोट्रम्प' म्हणाला होता की त्याच्याजवळ सगळे असणारच, असे मी धरूनच चालले. मी पास म्हटले.

उतारी माझी होती. मी बदामाची नव्वी टाकली. त्याच्याजवळ बदामाचा एक्का तेवढा होता; उरलेले चार बदाम भिडूने केले. त्याचे पाचच हात झाले. दोन हात बुडाल्यामुळे आम्हांला 200 गुण मिळाले आणि मी खुशीत होते. दुसऱ्या टेबलावर तीच पाने वाटलेली होती. तेथे माझ्या जागी बसलेल्या मुलीने 'डबल' म्हटले आणि आमच्या जोडीकडून 500 वसूल केले. फरक 300 चा, म्हणजे 7 मॅच पॉइंट. सामना आम्ही 4 पॉइंटांनी हरलो. परतीच्या एस्टीत भिडू माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या सरांना पाने दाखविली. ते म्हणाले, "अगं, तू आपलेच गुण मोजत बसलीस. चाळीसातून वजाबाकी कर ना!"

केली. भिडूचे 12, त्याचे 16 धरू, माझे 9, बेरीज 37. म्हणजे डमीजवळ उरले तीन! (प्रत्यक्षात त्याचे 17 होते आणि डमीजवळ चौकटची राणी तेवढी.) नोट्रम्पवाल्याची खरी गोची येथे आहे. डमी इतका दरिद्री असला की त्याला डमीच्या हातात जाताच येत नाही. प्रत्येक वेळी स्वतःच्याच हातातून खेळावे लागते आणि त्याच्या राण्या आमच्या राजांच्या तोंडी पडतात. त्याची किल्वरची राणी अशीच माझ्या राजाने खाल्ली.

म्हणून येथे डबलचा अर्थ 'भिडू, तू दुसरा रंग सांग' असा नसून 'यांना येथेच बुडवू' असा आहे. नऊ-दहा गुण असले की डबल म्हणावे. भिडूनेही तो डबल उगाच मोडू नये. तिची पाने फारच कमकुवत आणि एकाच लांब रंगाची असतील तर गोष्ट निराळी. धोका आहेच. त्याने बरोबर सात हात केले तर 90 ऐवजी 180 मिळतात, आणि त्या डावासारखा तो 'व्हल्नरेबल' असला तर वरच्या प्रत्येक हाताचे 200. पण दोन हात बुडाला तर 200 चे 500 होतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला हा सौदा कळायला हवा होता.

एरवी भिडूच्या बोलीवर मी नवा रंग सांगितला तर तिला पुन्हा बोलावेच लागते. येथे तसे नाही. चांगली पाने असती तर मी डबल म्हटले असते, हे तिला ठाऊक असते. म्हणून 'दोन इस्पिक' म्हणजे लांब इस्पिक, गुण बेताचे, आता गप्प राहा. तीन-चार बदाम आणि पाच-सहा गुण असतील तर 'दोन बदाम' म्हणून त्यांची वाट अडवावी. बाकीच्या कमकुवत पानांवर पास, आणि त्यात लाज नाही.

गेल्या महिन्यात वसतिगृहात नेमका हाच प्रसंग पुन्हा आला. माझे दहा गुण होते. घसा कोरडा पडला, पण डबल म्हटले. तेव्हा डमी होणाऱ्या मुलीने घाबरून 'दोन चौकट' म्हणत पळ काढला. भिडूने पास दिला आणि पाळी पुन्हा माझ्यावर आली. माझ्याजवळ चौकटची चार पाने होती, त्यांत राजा आणि दश्शी. मी त्यालाही डबल दिला. तो डाव एका हाताने बुडाला. पण भिडूचे म्हणणे असे की, आपण बदामात गेम केला असता. पाने पुन्हा मांडून आम्ही रात्री अकरापर्यंत भांडत होतो.