संक्रांतीच्या वाणाला निशिगंधाचे कंद



संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या घरोघरी हळदीकुंकू होते. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे वाण म्हणून लुटले जातात अन् होळी येईतो डब्याचे झाकण हरवलेले असते. त्याऐवजी निशिगंधाचे दोन-दोन कंद द्यावेत, असे आम्ही सुचवतो. नेमका हाच काळ जुने ठोंब काढण्याचा असतो. थंडीत वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात. पाणी तोडून ठोंब उकरला की एका कंदाचे कितीतरी झालेले दिसतात. वाणाचा खर्च नाही आणि जुन्या वाफ्याची गर्दीही कमी होते.

मात्र कंद म्हणजे बेणे, आणि बेण्याची गोष्ट ऊसवाल्याला वेगळी सांगायला नको. दुसऱ्याच्या फडातले बेणे न बघता आणले की काणी आणि गवताळ वाढ पाठोपाठ येते. निशिगंधात हाच धोका सूत्रकृमींचा. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर त्या ठोंबातला एकही कंद कुणाला देऊ नये, कितीही जवळची मैत्रीण असली तरी. वांगी-टमाट्याच्या मुळांना गाठी धरणारे वाफेही टाळावेत. माती धुऊन, मुळ्या छाटून, सावलीत सुकवूनच कंद द्यावा. माती वाटायची नाही. घेणाऱ्यांनी त्या जागी आधी झेंडू लावला तर सूत्रकृमींना आळा बसतो. विकत आणायचे झाल्यास बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘शृंगार’ हा एकेरी फुलांचा वाण सूत्रकृमींना बऱ्यापैकी दाद देत नाही. राहुरी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ही एकेरीच. वासाला आणि हाराला एकेरी, गुच्छाला दुहेरी, असा साधा हिशेब आहे.

आता लावणीचा प्रश्न. पुस्तकात मार्च-एप्रिल असे लिहिलेले असते. पुण्याकडे ते ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि विहिरीचे पाणी उसालाच पुरत नाही. राज्याचे पाऊस, जमीन आणि पिके पाहून ९ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग मध्य विदर्भ विभागात येतो. पुस्तकातली तारीख कोणत्या विभागासाठी आहे ते आधी बघावे. तशात या विभागांच्या रेघाही आता जागेवर राहतील असे दिसत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने बागवाल्यांसाठी केलेला थंडीचा नकाशा २०२३ साली नव्याने काढला, तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पायरीने उष्ण विभागात सरकला. आपल्याकडे थंडीपेक्षा पावसाची तऱ्हा महत्त्वाची. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने कसा वेढा घातला, ते आपण विसरलेलो नाही. पंधरा दिवस कोरडे, मग एका रात्रीत वाफ्यात तळे!

म्हणून आमचे मत असे. हाताशी पाणी आणि दुपारची सावली असेल त्यांनी मार्चमध्ये लावावे. बाकीच्यांनी कंद टोपलीत कोरड्या वाळूत, हवेशीर सावलीत ठेवावेत, अधूनमधून चाळून कुजके काढावेत आणि चांगला पाऊस झाल्यावर जूनअखेर लावावेत. १ जुलैचा कृषिदिन ही खूण धरली तरी चालेल. काढल्या काढल्या लावण्याची घाई नको, कंदाला महिनाभर तरी विश्रांती हवी. पैनगंगेकाठच्या काळ्या भारी जमिनीत सपाट वाफा करूच नये. पाणी साचले की कंद सडला. सरी काढून वरंब्यावर, शेंडा वर ठेवून, दोन-अडीच इंच खोल आणि वीतभर अंतरावर लावावा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्यावा. सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा कंद त्याच साली फुलतो, बारक्यांना एक हंगाम जास्त लागतो. वाणात मोठेच द्यावेत, नाहीतर ‘त्यांनी दिलेला फुललाच नाही’ हे वर्षभर ऐकावे लागते. जूनअखेर लावलेला निशिगंध तीन-चार महिन्यांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला दांडे काढतो.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, आणि शास्त्रज्ञ आता त्याला धुऱ्यावरच्या घायपाताच्याच वंशात धरतात. ऊन सोसण्याची ताकद थोडीफार तिथूनच आली असावी.

शहरातले पाहुणे कधी ट्युलिपचे कंद आणतात. फुले सुंदर, पण त्या कंदाला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगरला ती मिळते, उमरखेड-पुसदला कुठून मिळणार? त्यापेक्षा भुईचाफा मागावा. भर उन्हाळ्यात तो मातीतून आधी फूल काढतो, पाने मागून येतात. सोनटक्क्याला ओल लागते, तो पाटाच्या कडेला सावलीत लावावा.

कळलावीचा कंद मात्र वाणात कधीच देऊ नये. फूल देखणे असले तरी सगळे झाड विषारी आहे, कंद तर फारच. रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. बांधावर उगवलेली असेल तर लेकरांना ओळखून दाखवा.